फ्लॅश उडायच्या आधी

४ जानेवारी

डॉक्टर म्हणतात, राग आला की हात उचलायच्या आधी वहीत लिहून काढा, ब्लडप्रेशर खाली येईल. त्यांना काय जातंय सांगायला! लिहायचा हात अन् हाणायचा हात माझा एकच आहे, आधी कुठल्या कामाला लावू? तरी बघू म्हटलं. मेव्हण्यानं त्याच्या दुकानाची डायरी दिलेली, वर लक्ष्मीचा फोटो, ती पडूनच होती.

तर आजचा राग. तासगावला लग्नाची ऑर्डर होती. वरात कार्यालयाच्या दारात आलेली. नवरदेवाचा एक मित्र सकाळीच झोकून आला होता, प्रत्येक फोटोत मध्ये तडमडायचा. दोनदा सांगितलं, गड्या, जरा बाजूला हो. तिसऱ्यांदा त्यानं माझ्या लेन्सवर पंजा ठेवला. पुढचं नीट आठवत नाही. हातात जे होतं त्यानं हाणला. हातात कॅमेरा होता. त्याचं नाक फुटलं, माझ्या कॅमेऱ्याचं तोंड वाकडं झालं. मग त्याचे चार सोबती माझ्या अंगावर पडले. बरगडीत लाथा बसल्या, त्याचं काही नाही. पण माझा कॅमेरा गेला! फ्लॅश तेवढा वाचला. निसटून बुंदीच्या परातीत पडला होता, पुसून घेतला.

चूक त्याची. लेन्सवर कुणी हात ठेवतं का?

घरी आलो तर यशराज विचारतो, अण्णा, लय लागलं का. एकोणीस वर्षांचा पैलवान गडी, माझ्यापेक्षा वीतभर उंच, अन् विचारतोय लागलं का. म्हटलं, चौघं तुझ्या बापाला तुडवत होते तवा तू कुठं होतास? तालमीत, म्हणाला. कानाखाली जाळ काढला त्याच्या. बाप मार खातोय अन् पैलवान तालमीत जोर मारतोय.

आधी लिहायचं राहिलं. उद्यापासून.

७ जानेवारी

कॅमेरा सांगलीला दुरुस्तीवाल्याकडं नेला. उघडून बघितला अन् विचारलं, दगडावर पडला का? म्हटलं, नाकावर. हसला नाही. म्हणाला, ह्याचं काही होणार नाही.

संध्याकाळी जोतिबा आला. डायरीवाला मेव्हणा, माझ्या बायकोचा, लीलाबाईचा धाकटा भाऊ. कोईमतूरला त्याचं गलाईचं दुकान आहे, सोनं गाळून शुद्ध करून देतो. विट्याकडची निम्मी माणसं त्याच धंद्यात देशभर पांगलीत. यात्रा होईपर्यंत तो गावी आहे. त्यानं तिकडं हौसेनं कॅमेरा घेतलेला, सहलीला चार फोटो काढले अन् कपाटात टाकला. म्हणाला, दाजी, वापरा की, पडूनच हाय.

माणूस चांगला आहे, पण कॅमेरा दुसऱ्या कंपनीचा. आमच्या धंद्यात दोन जाती, पिवळ्या पट्ट्याचे अन् लाल पट्ट्याचे. मी धंद्याला लागलो तेव्हापासून पिवळा. फ्लॅशही पिवळ्याचाच. हा कॅमेरा लाल. जोतिबा म्हणाला, ह्याला त्यो चालंल का? मी म्हटलं, फ्लॅश तो फ्लॅश. उजेडाला कुठं कंपनी असते.

खाचेत बसला, आवळलाही गेला. बटण दाबलं. ढिम्म.

९ जानेवारी

सापडलं. जोतिबानं कॅमेऱ्याचा आवाज बंद करून ठेवला होता, झोपलेल्या लेकराचे फोटो काढायला म्हणून. आवाज बंद असला की परका फ्लॅश पेटतच नाही. आवाज चालू केला अन् असा उडाला की लीलाबाईच्या हातातलं ताट खाली पडलं. आमटी सगळी माझ्या पायावर.

हे प्रकरण कसं आहे ते लिहून ठेवतो, पुन्हा विसरेन. कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या खाचेत मधोमध एक मोठी पिन असते अन् कडेला बारक्या. बारक्यांतनं दोघं एकमेकांशी बोलतात. माणूस किती लांब आहे, उजेड किती हवा, बास झालं आता, असलं सगळं. पण हे बोलणं ज्याच्या त्याच्या कंपनीचं असतं. परका फ्लॅश बसवला की बारक्या पिना मुक्या. मधली एकटी चालते, अन् तिला एकच शब्द येतो. मार. कुणाला, किती, कुठवर, काही नाही. मार म्हटलं की हा मारतो. तेही पूर्ण ताकदीनं, कारण फ्लॅशवर तेच लावून ठेवलेलं असतं. कमी करायचं तर प्रत्येक वेळी हात वर नेऊन फ्लॅशच्या पाठीवरचं बटण दाबायचं.

काही बिघडत नाही. आमच्या वडलांच्या, आबांच्या वेळी सगळं हातानंच होतं.

११ जानेवारी

आज स्टुडिओत सराव. पांढऱ्या भिंतीला यशराजला उभा केला. अर्धी ताकद, पाव ताकद, त्याच्याही खाली, एकेक करून बघितलं. चार पावलांवरनं पाव ताकद बरोबर बसते.

पण डोकं फिरवलं पोरानं. सगळ्या फोटोंत डोळे मिटलेले! जुन्या जोडीवर काही लोकांचं असं व्हायचं, त्याला कारण होतं. खऱ्या उजेडाआधी फ्लॅश एक बारीक लुकलुक मारतो, अंदाज घ्यायला, अन् तिला माणसं पापणी मिटतात. आता ती लुकलुक नाहीच. एकदाच काय तो उजेड. मग हा कशाला मिटतोय? नीट लक्ष ठेवलं तर फ्लॅश उडायच्या आधीच मिटतो. मी बटण दाबायला हात वर नेला की मिटतो. लीलाबाईला उभी केली, तिचंही तेच. आईवर गेलंय पोरगं.

चांगलं समजावून सांगितलं. मग ओरडून सांगितलं. शेवटी मान धरून डोकं भिंतीवर टेकवलं, जरा जोरात टेकलं असंल. त्यानंतरच्या फोटोत डोळे टक्क उघडे आहेत. नाकाखाली रक्त आलंय पण डोळे उघडे आहेत.

आणखी एक शिकलो. शटरचा वेग दोनशेच्या वर गेला की फोटोचा खालचा भाग काळा येतो. फ्लॅश उडेपर्यंत पडदा परत मिटायला लागलेला असतो. पाचशेला तर खालचा अर्धा फोटो गायब. जुना कॅमेरा फ्लॅश बसवला की स्वतःच वेग खाली आणायचा. ह्याला डोक्यावर फ्लॅश बसलाय हेच माहीत नाही. चिकटपट्टीवर २०० लिहून कॅमेऱ्याच्या पाठीला लावलं.

१९ जानेवारी

सांगलीजवळ भरतेशचं लग्न. जैन मंडळी, सगळा कार्यक्रम दिवसाउजेडी, जेवणंही सूर्य मावळायच्या आत. मांडव गच्च बांधलेला म्हणून फ्लॅश लागला. पहिल्या वीस-पंचवीस फोटोंत नवरी पिठाच्या गिरणीतनं काढल्यासारखी. नवरदेवाचे वडील पायगोंडा अण्णा माझ्या पाठीमागनं बघत होते. दुसरा असता तर शिव्या घातल्या असत्या. हे हळूच म्हणाले, नाथाजी, आमच्या सुनंला नाक हाय हो.

मग जेवणाच्या हॉलमधले फोटो काढताना फ्लॅशची मान वाकवून छताकडं केली. छत पांढरं होतं. उजेड वर जाऊन सगळीकडनं खाली आला, अन् काय फोटो आले! सगळी माणसं शांत. कुणीही डोळे मिटले नाहीत. पायगोंडा अण्णा म्हणाले, थेट तोंडावर मारला न्हाई की बरं येतं.

येतं, पण छत असलं तर. उघड्यावर काय आभाळाला मारायचा?

२६ जानेवारी

आजचा दिवस सोन्याचा. यात्रेच्या मैदानातली शेवटची कुस्ती यशराजची लागली. कोरेगावकडच्या तालमीतल्या राजवर्धनशी, साताऱ्याकडचा एक नंबर गडी. यशराज जिंकला तर कोल्हापूरची मोठी तालीम त्याला ठेवून घेणार, तसा शब्द ज्ञानू वस्तादांनी तिकडनं आणलाय. हरला तर इथंच माती उकरत बसायचं अन् माझ्यासारखे लग्नातले फोटो काढायचे. मी ह्याच फडात गुडघा घालवला. आता त्याच फडात माझं पोरगं शेवटच्या कुस्तीला उतरणार. रडू आलं मला, खोटं कशाला लिहू.

ज्ञानू वस्ताद म्हातारे झालेत पण तालमीत अजून रोज येतात. मला बाजूला घेऊन म्हणाले, नाथाजी, पोरात दम हाय, डाव हाय, फकस्त मागनं कुणी हात उचलला की दचकतंय. घरी काय हाय का?

मी म्हटलं, घरी काय असायचंय. लाडावलंय आईनं.

२ फेब्रुवारी

सकाळी पाच वाजता उठवायला गेलो, उठला नाही. अंग दुखतंय म्हणाला. मेलेल्या कॅमेऱ्याचा पिवळा पट्टा खुंटीला होता, तो कामाला आला. लीलाबाई मध्ये पडली, एक तिच्या दंडावर बसला. लग्नाला इतकी वर्षं झाली, मध्ये यायचं नाही हे अजून हिला कळत नाही.

आबा मला ओल्या वेतानं झोडायचे. म्हणून तर आज ताठ उभा आहे.

पोरगं उठलं मात्र. पळत गेलं तालमीला.

११ फेब्रुवारी

जोतिबाला हाकलला. जेवताना म्हणतो, दाजी, यात्रा झाली की यशराजला माझ्याबरं धाडा कोईमतूरला, धंदा शिकंल. पैलवानानं सोनं गाळायचं! मी विचारलं, हे तुझ्या डोक्यातनं आलं का कुणी घातलं? त्यानं लीलाबाईकडं बघितलं. यशराज भाकरीकडं बघत राहिला. तांब्या उचलून जोतिबाला मारला, दाराला लागला. दाराला पोचा पडलाय.

कॅमेरा परत मागितला नाही त्यानं. तेवढी माणुसकी आहे.

१४ फेब्रुवारी

लिहितो सगळं.

मैदान तीनला सुरू झालं. उतरंडीवर, झाडांवर, ट्रॅक्टरवर माणसंच माणसं. हलगी कडाडत होती. मी फडाच्या कडेला मातीत बसून फोटो काढत होतो. ऊन चांगलं होतं, फ्लॅश पिशवीत, वेग पाचशे, माती उडालेली कणाकणानं येत होती. शेवटच्या कुस्तीला दिवस मावळायला आला. लाईट लावतो लावतो म्हणत होते, जनरेटर सुरू होईना. मी फ्लॅश चढवला.

यशराज अन् राजवर्धन समोरासमोर आले, सलामी झाली, शड्डू घुमले. अहाहा, काय दिसत होतं माझं पोरगं! राजवर्धन वजनानं जास्त, पण आमचा चपळ. मानेवर थापा बसत होत्या त्या वरच्या बांधापर्यंत ऐकू येत होत्या. राजवर्धनची भुवई फुटली, रक्त गालावरनं मातीत. यशराजचा कान सोलला. अर्धा तास झाला, लोक उभे राहिले. मग यशराजनं पट काढला अन् त्याला खाली घेतला. पाठीवर कब्जा केला. आता फक्त घिस्सा डाव मारायचा अन् पलटी करायचा, की गदा आमची, कोल्हापूर आमचं.

अन् हा थांबला! कब्जा करून नुसता दाबून बसला. माझ्या मस्तकात तिडीक गेली. मी गुडघ्यावर सरकत त्याच्या अगदी समोर गेलो, तीन-चार हातांवर. घिस्सा मार, मार, म्हणून ओरडलो. फोटो तर पाहिजेच होता. अंधारून आलेलं, फ्लॅश पाव ताकदीवर होता. तो पूर्ण करायला हात वर नेला. यशराजनं मान उचलून माझ्याकडं बघितलं. त्याच वेळी राजवर्धन खालनं उसळला, यशराजची पकड सुटलेली, अन् दोघं उलटे झाले. मी बटण दाबलं. लख्ख उजेड पडला.

पंच भाऊसो. जुने पैलवान, पांढरा फेटा. हात वर करून म्हणाले, चितपट.

मी म्हटलं खोटं. खांदा टेकला नाही, माझ्याकडं फोटो आहे. भाऊसो म्हणाले, मी डोळ्यानं बघितलंय नाथाजी. मी त्यांचा फेटा धरला. पुढचं नीट आठवत नाही. त्यांच्या तोंडावर बुक्क्या घातल्या एवढं आठवतंय. ते मागं आखाड्याच्या कडेच्या फरशीवर पडले, डोकं आपटल्याचा आवाज आला. मग कोरेगावची पोरं आली, आमची पोरं आली. खुर्च्या उडाल्या, दगड उडाले. हलगीवाल्याची हलगी फाटली. एकानं माझ्या पाठीत पाईप घातला. मी त्याचं बोट दातानं फोडलं, तोंडात अजून चव आहे. ज्ञानू वस्ताद भाऊसोंच्या अंगावर आडवे पडले अन् लाथा स्वतःच्या पाठीवर घेतल्या, ह्या वयात.

मला कंबरेतनं उचलून कुणीतरी बाहेर नेलं, पोतं नेतात तसं. मी मागं हात मारत होतो, मागच्याच्या तोंडावर बसत होते. बाहेर आणून ठेवलं तेव्हा बघितलं, यशराज.

गळ्यात कॅमेरा शाबूत होता. पोराला म्हटलं, भिऊ नको, फोटो आहे माझ्याकडं.

१५ फेब्रुवारी

भाऊसोंना सांगलीच्या दवाखान्यात हलवलंय. डोक्याला टाके पडलेत, अजून कुणाला नीट ओळखत नाहीत म्हणे. पोलीस येऊन नाव लिहून गेले. हवालदार म्हणाला, देवळात गावाची बैठक बसणार हाय, फोटो असंल तर तिथं दाखव. खांदा टेकलेला नसला तर निदान गाव तुझ्या बाजूला उभं ऱ्हाईल.

फोटो उघडला.

खालचा अर्धा काळाकुट्ट. वेग पाचशेवरच राहिलेला. चिकटपट्टी घामानं अन् मातीनं कधी गळून पडली कुणास ठाऊक. पुढचे तीन फोटो तर नुसता अंधार, पूर्ण ताकदीनं मारला की फ्लॅशला परत भरायला वेळ लागतो. जुना कॅमेरा असता तर हे झालं नसतं. ह्या एका फोटोसाठी एवढं रक्त सांडलं, अन् खांदा काळ्यात! भिंतीवर डोकं आपटून घेतलं मी.

वरच्या अर्ध्यात राजवर्धनची पाठ आहे, अन् यशराजचा एक हात. तो लख्ख आलाय, रेघ न् रेघ दिसते. तळवा माझ्याकडं करून वर धरलेला. लय वेळ बघत बसलो. राजवर्धन त्याच्या दुसऱ्या अंगाला आहे, मग हात इकडं कशाला? मला वाटतं पंचाला थांबा म्हणत असणार. म्हणजे कुस्ती त्याला मान्य नव्हती. हाच पुरावा. बैठकीत हेच सांगायचं.

लीलाबाईला दाखवला. तिनं फोटो मोठा केला, तळव्यावर बोट ठेवलं.

"ह्यो हात मला ठावं हाय," म्हणाली, अन् आत निघून गेली.

काय ठावं आहे ते सांगितलं नाही. बायकांचं असंच. ताकास तूर लागू देत नाहीत.

१७ फेब्रुवारी

देवळाच्या मंडपात बैठक झाली. कोरेगावची माणसं आलेली. राजवर्धन भुवईला पट्टी लावून मागं उभा, चांगल्या घरचं पोरगं दिसतं. ज्ञानू वस्तादांना पाठ टेकवता येत नव्हती, खांबाला हात धरून उभे होते. भाऊसोंचा भाऊ दवाखान्यातनं आलेला, म्हणाला, आज त्यांनी बायकोला नावानं हाक मारली. बरं वाटलं ऐकून. मी काय जीव घ्यायला गेलो नव्हतो.

टीव्हीवर फोटो लावला. खालचं काळं बघून लोक हसले. मी सगळं समजावून सांगितलं. फ्लॅश एका कंपनीचा, कॅमेरा दुसऱ्या कंपनीचा, वेग, पडदा, सगळं. मग हात दाखवला. बघा म्हटलं, पोरगं पंचाला थांबवतंय. ज्ञानू वस्तादांनी डोळे मिटून घेतले. पंच कुठल्या बाजूला होते ते कुणीतरी विचारलं. पंच यशराजच्या पाठीमागं होते.

तेव्हा यशराज उठला. मी त्याला बस म्हणून खुणावलं, बसला नाही.

"माझं दोन्ही खांदं टेकलं हुतं," म्हणाला. "भाऊसो आप्पांनी बरोबर निकाल दिला. त्यांच्या पायावर डोकं ठिवून येनार हाय मी."

राजवर्धननंच विचारलं, मग कब्जा सोडलास कशाला गड्या, मी गेलोच हुतो की.

यशराज माझ्याकडं बघत नव्हता. टीव्हीवरच्या स्वतःच्या हाताकडं बघत म्हणाला, "अण्णांचा हात वर गेला. मला वाटलं..."

एवढंच.

हात वर गेला! मी फ्लॅशचं बटण दाबत होतो! सगळ्या गावासमोर बापाच्या तोंडाला काळं फासलं ह्यानं. पोराला घडवण्यात माझं आयुष्य गेलं अन् हा म्हणतो हात वर गेला. मधल्या आळीनं घरी आलो, कुणी रामराम घातला नाही. ज्ञानू वस्ताद माझ्याशेजारनं गेले अन् माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

डॉक्टर, लिहितोय मी. तुमच्यासाठीच लिहितोय. पण हा राग वहीत मावणारा नाही.

१८ फेब्रुवारी

डाव्या हातानं लिहितोय. उजवं मनगट सुजलंय, त्यावर चार बोटं अन् अंगठा उमटलाय, निळा.

सकाळी यशराज स्टुडिओत आला. मी त्याचीच वाट बघत होतो. दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं. म्हटलं, काल काय बोललास ते आता परत बोल. कोल्हापूर घालवलंस, गदा घालवलीस, बापाची अब्रू घालवलीस, बोल की. मी हात उचलला.

ह्या खेपेला त्यानं डोळे मिटले नाहीत. माझं मनगट वरच्या वर धरलं. पैलवानाची पकड काय असते ते मला माहीत आहे, मीच शिकवली त्याला. हाडं करकरली. मी मागं रेटला गेलो अन् पाठ भिंतीला लागली. त्या पांढऱ्या भिंतीला, जिथं त्याला उभा करून मी फ्लॅश बघत होतो. तेवढ्या जवळनं त्याचं तोंड मी कधी बघितलं नव्हतं. नाकाचं हाड एका बाजूला जरा वाकडं झालंय. ते कधी झालं असंल, आठवेना.

लीलाबाई शटरखालनं वाकून आत आली होती. मध्ये आली नाही.

मग यशराजनं दुसरा हात वर उचलला.

मी डोळे मिटले.

मुद्दाम नाही मिटले. आपोआप मिटले. मान खांद्यात गेली, गुडघा वाकला, अन् माझा सुटा हात तोंडासमोर आला, तळवा त्याच्याकडं करून. मी वाट बघत राहिलो. काहीच झालं नाही. बाहेर एसटीचा हॉर्न वाजला. मनगटावरची पकड सुटली.

डोळे उघडले तर त्यानं माझ्या डोक्यावरच्या खुंटीवरनं त्याची पिशवी काढली होती. तिच्यासाठीच हात वर केला होता. पिशवी खांद्याला लावली, वाकून माझ्या पायाला हात लावला अन् म्हणाला, "येतो अण्णा. भाऊसो आप्पांना भेटून तसाच मामाबरं जातो."

लीलाबाई त्याच्याबरोबर स्टँडवर गेली. तिच्याही हातात पिशवी होती. किती दिवसांसाठी ते मी विचारलं नाही, अन् तिनंही सांगितलं नाही.

जोतिबाचा कॅमेरा टेबलावरच होता, फ्लॅश त्याच्या डोक्यावर तसाच बसवलेला. तो काढून ठेवायला गेलो, पण धड असलेला डावा हातही उचलवेना. माझाच हात. मी बराच वेळ भिंतीला टेकून तसाच उभा होतो.